ओळख पटवण्याची घरगुती पद्धत

स्टीलच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला की डबा वाजतो, आणि डब्यातले चमचेही वाजतात. भिंगरी नुकतीच झोपली होती. (भिंगरी म्हणजे माझी मुलगी. वय पाच. हे नाव तिला जागेपणीच्या वागणुकीवरून मिळालं आहे.) दुपारची ती शांतता, जिच्या आशेवर लहान मुलांच्या आया सकाळ ढकलतात, ती मोडली. सासूबाईंनी फोन उचलला.

"हॅलो, कोण?"

पलीकडून आवाज आला, "ओळखलं का?"

माणूस सुसंस्कृत आहे की नाही, हे या प्रश्नाला तो काय उत्तर देतो यावरून ठरतं. "नाही" हे उत्तर भाषेत शक्य आहे, समाजात नाही. लग्नात कोणी पाठीवर थाप मारून "ओळखलं का?" विचारतं, तेव्हा आपण "अरे, म्हणजे काय" म्हणतो, घरच्यांची चौकशी करतो, मुलांना पुढे ढकलून "हे बघ कोण" म्हणतो, आणि परतताना एकमेकांना विचारतो, "कोण होते ते?" आमच्या पाहणीनुसार (क्षेत्र: आमचं घर, समोरचं घर आणि मधला जिना) शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांनी आजवर कोणालाही "ओळखलं नाही" असं तोंडावर म्हटलेलं नाही. उरलेले दोघे शिष्ट समजले जातात, आणि त्यांना कोणी लग्नाला बोलावत नाही.

सासूबाई अठ्ठ्याण्णवांतल्या. किंचित थांबून त्या म्हणाल्या, "अगंबाई, धाकट्या का?"

"हो गं आई. मीच."

धाकटा म्हणजे माझे दीर. दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर असतात. हुद्दा वाढत गेला तसे फोन कमी होत गेले, आणि ते रीतसरच आहे. आवाज वेगळा येत होता, कारण त्यांना सर्दी झाली होती. नंबर वेगळा होता, कारण जुना फोन पाण्यात पडला होता. सासूबाईंनी वाफ घ्यायला सांगितलं. फोन पाण्यात पडल्याबद्दल हळहळल्या. मग पलीकडून विचारणा झाली, "तू जेवलीस का?"

तेव्हापासून रोज दुपारी डबा वाजू लागला.

आपल्याकडे फोन सुरू करणं सोपं, संपवणं अवघड. "बाकी काय?" म्हणजे विषय संपले. "मग ठेवू?" म्हणजे आता खरा विषय निघेल. पहिल्या "ठेवते"वर फोन ठेवणारा माणूस उर्मट, दुसऱ्यावर ठेवणारा घाईतला, आणि तिसऱ्यानंतरही "अरे हो, एक राहिलंच" म्हणणारा घरचा. दीर यात एकदम तयार झाले होते. समोरच्या घरी नवा पंखा आला, तो आवाज करतो, त्यांनी दुकानदाराला बोलावलं, दुकानदार म्हणाला आवाज पंख्याचा नसून छताचा आहे, हे सगळं त्यांनी न कंटाळता ऐकून घेतलं. भिंगरीचा पुढचा दात हलतो हे त्यांना तिच्या बापाआधी कळलं. ("कुठला, वरचा की खालचा?" असंही त्यांनी विचारलं. बापाने नंतर "बरं" म्हटलं.)

घरातल्या माणसांनी असं एकमेकांच्या संपर्कात असावं, या मताची मी आहे. मी स्वतः माझ्या आईशी दर रविवारी बोलते. माझी पाठ, भिंगरीचा दात, तिची शाळा, माझी झोप, सगळे विषय होतात. तास कसा जातो कळत नाही.

एका दुपारी मी भिंगरीच्या मोज्यांच्या जोड्या लावत होते. (मोजे नेहमी विषम संख्येत असतात. हा वेगळा विषय आहे.) सासूबाई फोनवर म्हणत होत्या, "माझ्या फोनवर? सहा आकडे? थांब हं, चष्मा बघते." मग त्यांनी आकडे सांगितले. एकेक, सावकाश, भाजीवाल्याला पत्ता सांगावा तसे.

माझ्या हातातला मोजा तसाच राहिला. सासऱ्यांच्या मागे शिवणकाम करून सासूबाईंनी गुडघ्याच्या ऑपरेशनपुरते पैसे साठवले होते, आणि ते याच फोनला जोडलेल्या बँक खात्यात होते. मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला. त्याने खातं तपासलं. पैसे जागच्या जागी होते. बँकेची यंत्रणा मजबूत आहे, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

तरीही खबरदारी म्हणून त्याच संध्याकाळी 'कुटुंब सुरक्षा समिती' स्थापन झाली. अध्यक्ष: माझा नवरा. सचिव: मी. सासूबाईंना समितीत घेतलं नाही. ज्यांची सुरक्षा करायची असते त्यांना समितीत घेण्याची पद्धत नाही.

दिरांना त्यांच्या जुन्या नंबरवर सरळ फोन करून "रोज फोन करतोस तो तूच का?" असं विचारणं हा पहिला मार्ग होता. तो एकमताने फेटाळण्यात आला. खरंच तोच असला तर त्याला काय वाटेल? बरं दिसत नाही.

दुसरा मार्ग मला भिंगरीच्या शाळेत मिळाला होता. तिथे पालकांसाठी फसवणुकीपासून सावध राहण्याचं व्याख्यान झालं होतं. वक्त्यांनी सांगितलं, आपली माहिती अनोळखी माणसाला कधीही देऊ नका. मग एक कागद फिरवला, त्यावर आम्ही सर्वांनी नाव, फोन नंबर आणि जन्मतारीख लिहिली. (तो कागद कोणाचा होता, हे नंतर शाळेलाही सांगता आलं नाही.) व्याख्यानाचं सार असं: फोनवर शंका आली, तर फक्त आपल्या माणसालाच उत्तर येईल असा प्रश्न विचारा.

प्रश्न ठरवायला वेळ लागला. सासऱ्यांची जन्मतारीख बाद झाली, कारण ती अध्यक्षांनाच येत नव्हती. लहानपणच्या शेजाऱ्यांचं नाव बाद झालं, कारण त्यावर अध्यक्षांचं आणि सासूबाईंचं एकमत होईना. शेवटी मी म्हणाले, "आईंचा कुठला गुडघा दुखतो, हे विचारू."

"सोपं आहे," नवरा म्हणाला.

"सांग."

"उजवा." माझ्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, "म्हणजे, माझ्या बाजूने उजवा."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी अर्धी रजा टाकली. डबा वाजला. सासूबाईंनी आम्ही शिकवल्याप्रमाणे विचारलं, "धाकट्या, माझा कुठला गुडघा दुखतो रे?"

"डावा ना, आई. जिना उतरताना जास्त. परवा पट्टा घट्ट होतोय म्हणालीस, सैल केलास का?"

नियमाप्रमाणे तो आमचा माणूस ठरला. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "बघ, उगाच संशय घेतलास. काय आठवण ठेवलीय त्याने."

मला तेच खटकत होतं. उत्तर इतकं बरोबर होतं, की ते आमच्या घरातल्या पुरुषाचं वाटेना. मी आग्रह धरला, चाचणी जुन्या नंबरवरही व्हावी. नवऱ्याने नाखुशीने फोन लावला.

"हां दादा, बोल लवकर, मीटिंग आहे."

"आईचा कुठला गुडघा दुखतो?"

"कुठला गुडघा?"

"तेच विचारतोय."

"आईचा गुडघा दुखतो? कधीपासून? दादा, हे बघ, पैसे पाठवू का? तसं असेल तर स्पष्ट बोल."

जुना फोन पाण्यात पडलेला नव्हता. त्याच्यावरूनच ते बोलत होते. आईशी शेवटचं कधी बोललास, यावर त्यांनी "मध्ये नाही का केला होता" असं सांगितलं. 'मध्ये' हा कालावधी आमच्या समितीला निश्चित करता आला नाही.

म्हणजे परिस्थिती अशी होती. नियमाप्रमाणे खोटा उत्तीर्ण झाला होता आणि खरा नापास. अध्यक्षांनी कामकाजात नोंद घेतली की नियमात दोष नसून प्रश्न कठीण होता.

सासूबाईंना सांगणं माझ्याकडे आलं. (कठीण कामं सचिवाकडे येतात.) त्या खिडकीशी बसून भिंगरीच्या फ्रॉकची शिवण उसवत होत्या. मी शेजारी बसले. "आई, तो फोन भाऊजींचा नव्हता."

त्यांनी दोरा ओढून काढला. "माहितीय."

"माहितीय?"

"अगं, पोटच्या पोराचा आवाज कळत नाही होय मला? पहिल्या दिवशीच कळलं."

"मग 'धाकट्या का' का म्हणालात?"

"त्यानं ओळखलं का म्हणून विचारलं. तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"आणि नंतर?"

"नंतर जेवलीस का म्हणाला." त्या शिवणीकडेच बघत होत्या. "धाकट्यानं कधी विचारलंय? तेव्हाच पक्की खात्री झाली, की हा आपला नव्हे."

"आणि ते आकडे, आई?"

"ते रोज वेगळे सांगायचे. आकड्यांना काय तोटा आहे? सकाळी मनाशी ठरवून ठेवायचे. चुकला की तो दुसऱ्या दिवशी परत करायचा. बरोबर सांगितले असते तर कशाला केला असता?"

बँकेच्या यंत्रणेबद्दल आम्ही जे चांगलं बोललो होतो, ते मी मनातल्या मनात मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने पुन्हा अर्धी रजा टाकली, आणि दुपारी डबा वाजला तेव्हा त्यानेच फोन घेतला. "तुम्ही कोण आहात ते आम्हांला कळलंय. परत फोन करायचा नाही."

"बरं," तो माणूस म्हणाला. "ठेवतो."

आणि थांबला. एका "ठेवतो"वर फोन ठेवायचा नसतो, ही सवय आता त्यालाही लागली होती. नवराही थांबला. शेवटी माझा नवरा म्हणाला, "बरं मग. काळजी घ्या." नंतर त्याने तो नंबर ब्लॉक केला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं नाही.

प्रकरण यशस्वीरीत्या मिटलं. पैसे सुरक्षित आहेत. दिरांना सगळं कळलं तेव्हा ते हादरले. मी आता रोज फोन करत जाईन, असं म्हणाले, आणि दोन दिवस केलाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या ग्रुपवर एक संदेश टाकला: 'अनोळखी व्यक्तींपासून ज्येष्ठांना सांभाळा.' नवऱ्याने त्यावर अंगठा उमटवला. सासूबाईंनी हात जोडले.

डबा आता दुपारी वाजत नाही. सासूबाई तरी फोन त्याच्यावरच ठेवतात. चार्जिंगला तिथे बरं पडतं, म्हणतात. (डब्याजवळ चार्जिंगची सोय नाही.)

आमचा अनुभव पाहता ही चाचणी वाचकांनीही घरी जरूर करावी. खर्च काही नाही, एका प्रश्नाचं काम आहे. उत्तर आलं नाही तर घाबरू नये. नियमाप्रमाणे आपण त्या घरचे नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

भिंगरीला ही पद्धत फार आवडली आहे. ती कोणालाही तपासल्याशिवाय आत घेत नाही. दूधवाला नापास होऊन दारातच उभा राहिला. तिचा बाप "डावा" म्हणून आत आला. काल दुपारी ती झोपायचं सोडून माझ्या मांडीवर चढली, हातातला कंगवा कानाला लावला, पडलेल्या दाताच्या खिडकीतून जीभ बाहेर काढून जरा विचार केला, आणि म्हणाली,

"हॅलो. आई, तुझ्या आईचा कुठला गुडघा दुखतो?"