छान लेख, नळ गळतो का?

माझ्या ब्लॉगवर मंगळवारी सकाळी एक प्रतिक्रिया आली. आधीच्या चौदा महिन्यांत असा प्रकार घडलेला नसल्याने मी ती तीनदा वाचली, आणि मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

‘आदरणीय महोदय, आपला लेख अत्यंत मौलिक आहे. आपल्या घरी नळ गळतो का?’

मी एकतीस वर्षं ग्रंथालयाच्या परतीच्या खिडकीत बसलो. परत आलेलं पुस्तक चाळायचं, आत विसरलेली वस्तू नोंदवहीत लिहायची, शिक्का मारायचा. पुस्तक वाचलंत का, असं सभासदाला विचारायला मनाई होती. निवृत्तीनंतर मी त्या विसरलेल्या वस्तूंबद्दल लिहू लागलो : तिकिटं, औषधांच्या चिठ्ठ्या, एकदा तर दात. कुणी वाचावं अशी माझी अपेक्षा नाही, असं मी सर्वांना सांगत असे. दिवसातून चार वेळा ब्लॉग उघडून बघत असे, ते सांगत नसे.

मी सविनय उत्तर धाडलं : ‘नळ सध्या गळत नाही. चौकशीबद्दल ऋणी आहे.’ दुसऱ्या दिवशी दोनशे बारा प्रतिक्रिया आल्या. त्यांत माझं टक्कल, माझे गुडघे आणि परदेशातले भूखंड यांची आस्थेने विचारपूस होती.

“बाबा, ही माणसं नाहीत. स्पॅम आहे,” सूनबाई म्हणाली. “यंत्रं पाठवतात. उडवून टाका.”

“पण ‘आदरणीय’ लिहिलंय गं.”

“त्यावरूनच ओळखायचं! माणसांपैकी कुणी म्हटलंय तुम्हाला आदरणीय?”

मुद्दा बिनतोड होता. तरी बाजू ऐकून न घेता कुणाला उडवणं माझ्या स्वभावात नाही. मी रीतसर कार्यपद्धती आखली. प्रत्येकाने प्रतिक्रियेसोबत लेखावरच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. उत्तर लेखाशी जुळलं नाही, तर प्रतिक्रिया नामंजूर. एकतीस वर्षं घशात अडकलेला प्रश्न अखेर विचारायला मिळाला.

नव्या लेखात मी लिहिलं, की एका तरुण सभासद बाईंच्या पुस्तकात ओळीने तीन आठवडे केसांची तपकिरी पिन सापडली. मी ती तिन्ही वेळा नोंदवून, पावती फाडून परत केली. आणि शेवटी, फार विचार करून, असंही लिहिलं, की कुणीच वाचत नसेल तर रविवारी हा ब्लॉग बंद करावा म्हणतो. प्रश्न सोपा होता : पिनेचा रंग कोणता?

यंत्रं झाडून सगळी उत्तीर्ण झाली. नळवाल्याने तर परिच्छेदाचा क्रमांकही दिला. नातेवाईक मात्र सपशेल आपटले. मेहुण्यांनी रंगाच्या रकान्यात ‘मस्तच!’ असं लिहिलं.

मुलगा तणतणत आला. “बाबा, पोटच्या पोराला नापास करता?”

“तू लिहिलं काय होतंस?”

“‘पूर्ण सहमत.’”

“कशाशी?”

“जे काही तुम्ही लिहिलं असेल, त्याच्याशी.”

“ब्लॉग बंद करतोय, असं लिहिलंय.”

“मग बरोबरच आहे की. डोळ्यांना तेवढाच आराम.”

रविवारी मी निकाल बघायला बसलो. मंजूर यादीत एकही माणूस नव्हता. नामंजूर यादीत तळाशी एक बिननावी प्रतिक्रिया होती : ‘काळी होती. ब्लॉग बंद करू नका.’ उत्तर चूक. मी शिरस्त्याप्रमाणे ती उडवली.

“केलंत ना मला नापास?” दारातून आवाज आला. बायको हात पुसत उभी होती.

“तू? तू वाचतेस?”

“पहिल्यापासून. पिन माझीच होती. मुद्दाम ठेवत होते, तीन आठवडे. तुम्ही दर वेळी पावती फाडलीत. शेवटी कंटाळून मीच लग्नाचं विचारलं.”

असा प्रसंग आला की मी नियमांचा आधार घेतो. “पण लेखात तपकिरी आहे,” मी म्हणालो.

“लेखात चूक आहे. तपकिरी पिन मी जन्मात लावलेली नाही. तीस वर्षं समोर बसताय, दिसलं नाही?”

“उत्तर लेखाशी जुळायला हवं. नियम सर्वांना सारखा...”

“मग चहा त्या नळवाल्याकडे मागा,” ती म्हणाली, आणि आत गेली. केसांत काळी पिन होती. मी आयुष्यात पहिल्यांदाच नीट पाहिली.

ब्लॉग चालू आहे. चूक दुरुस्त केली. त्याबरोबर सगळी यंत्रं नापास झाली आणि वाचकसंख्या एकवर आली. चहा अजून सुरू झालेला नाही.

आपण इथवर आलात, आभारी आहे. आता खाली ‘छान लेख’ असं लिहून निघण्याच्या बेतात असाल, तर एकच विचारतो : दुसऱ्या दिवशी मला प्रतिक्रिया किती आल्या होत्या?

वर बघू नका. नळवाल्याला बघावं लागलं नव्हतं.