चष्म्याच्या घरातला पेनड्राइव्ह

कोणतीही वस्तू बिघडली, की ती दुरुस्त करण्याआधी ती बिघडली आहे हे सिद्ध करावं लागतं. आणि एकदा ते सहीशिक्क्यानिशी सिद्ध झालं, की नंतर ती दुरुस्त करणं हा सही करणाऱ्याचा अपमान ठरतो. जगातली बरीचशी कार्यालयं याच तत्त्वावर उभी आहेत, आणि ज्या अर्थी ती अजून उभी आहेत, त्या अर्थी तत्त्व खरंच असलं पाहिजे.

ठमीच्या आईला हे तत्त्व कळलं, तेव्हा ठमी चौदा महिन्यांची होती आणि टेबलाखाली बसून एक अतितातडीचं पत्र खात होती.

ठमीची आई कार्यालयात आवक-जावक टेबलावर होती. बाहेरून आलेल्या पाकिटांवर एक शिक्का मारून ती आत पाठवायची, आतून आलेल्यांवर दुसरा मारून बाहेर. ठमीची खरी जागा टेबलाखाली नव्हतीच. तळमजल्यावर टोकाच्या खोलीत कार्यालयाचं पाळणाघर होतं: निळे पडदे, जमिनीवर चौदा छोट्या गाद्या, चौदा पांघरुणं, आणि एक मावशी. मावशींना चौदाही मुलांच्या रडण्याचे प्रकार तोंडपाठ होते. (भुकेचं, झोपेचं, आणि 'आई आत्ता दारावरून गेली ते मी पाहिलंय'चं. ठमी तिसऱ्या प्रकारात पारंगत होती.) कोपऱ्यात एक संगणक होता. त्यावर मुलांची हजेरी लागायची.

एका सोमवारी हा संगणक सुरू होईना. त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम म्हातारी झाली होती. गेले सहा महिने ती रोज सकाळी तसं सांगत होती आणि मावशी रोज सकाळी तिला 'नंतर' म्हणत होत्या. त्या दिवशी तिने 'नंतर'ची वाट पाहिली नाही.

आता हजेरी वहीत घेता आली असती, असं कोणाही अडाण्याला वाटेल. पण वहीत खाडाखोड करता येते, म्हणून हजेरी संगणकावरच घ्यायची, असा नियम होता. हजेरी लागली नाही, म्हणजे मूल हजर नाही. हजर नसलेलं मूल आवारात सापडणं ही अनियमितता. तेव्हा साडेदहाच्या सुमारास चौदा अनियमितता आपापल्या आयांच्या टेबलांवर पोचत्या करण्यात आल्या.

"अगं, मूल माझ्या मांडीवर बसून माझेच केस ओढतंय," मावशी म्हणाल्या, "आणि हा माणूस मला सांगतो की ते आलंच नाही!"

हा माणूस म्हणजे संगणक विभागाचे साहेब; आवक-जावक टेबलही त्यांच्याच हाताखाली. त्यांच्याविषयी आदराने बोललं पाहिजे. त्यांचा विभाग नसता, तर कार्यालयातले संगणक भलत्याच कोणीतरी दुरुस्त करून टाकले असते.

नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची, तर एक भलीमोठी फाइल लागते. तिला इमेज म्हणतात. ती बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावर फुकट ठेवलेली असते. बटण दाबलं की चाळीसेक मिनिटांत उतरते. संगणक विभागात ती नऊ कामाच्या दिवसांत उतरते. दोन दिवस अर्जाला. (चार प्रती; पैकी एक अर्जदाराने अर्ज केल्याचा पुरावा म्हणून अर्जदारालाच परत.) दीड दिवस 'फुकट' या शब्दावरचा आक्षेप निकाली काढण्यात, कारण फुकट वस्तूची निविदा काढता येत नाही. अर्ध्या दिवसात प्रत्यक्ष फाइल उतरते, त्यात साहेब जेवूनही येतात. उरलेले पाच दिवस पडताळणीचे.

पडताळणी हे या विभागाचं भूषण. इमेजसोबत चौसष्ट अक्षरा-अंकांची एक ओळ दिलेली असते. उतरलेल्या फाइलवरून तशीच ओळ काढायची. दोन्ही जुळल्या, की समजायचं, फाइल वाटेत खराब झालेली नाही. संगणकाला ही तुलना करायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागत नाही. पण संगणकाच्या बाबतीत संगणकाचीच साक्ष कशी ग्राह्य धरणार? म्हणून एक कारकून ओळ मोठ्याने वाचतो, दुसरा कागदावर खुणा करतो, आणि तिसरा, दुसरा बघूनच खुणा करतोय ना, हे बघतो. मध्येच कोणी शिंकलं, तर पहिल्यापासून. (गेल्या वर्षी सर्दीची साथ होती, तेव्हा एका इमेजला बावीस दिवस लागले.)

जुळलेली फाइल मग पेनड्राइव्हवर कॉपी होते. पेनड्राइव्ह चष्म्याच्या घरात, चष्म्याचं घर लोखंडी कपाटात. हे घर आधीच्या साहेबांचं. निवृत्त होताना ते चष्मा घेऊन गेले, घर विसरले. तेव्हापासून ते विभागाच्या मालकीचं आहे आणि दर वर्षी मालमत्तेच्या यादीत 'घर, एक' असं नोंदलं जातं.

विभागाची आजवरची कामगिरी थोडक्यात अशी: उतरवलेल्या इमेज अकरा, पडताळणीत उत्तीर्ण अकरा, म्हणजे यशाचं प्रमाण शंभर टक्के. सुरू झालेले संगणक शून्य. हे अकराही संगणक निकामी असल्याचे दाखले साहेबांच्या सहीने दिले गेले होते, आणि ते तळमजल्यावर हात धुवायच्या बेसिनजवळ, मार्गिकेत, एकावर एक रचून ठेवले होते.

नवव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, साहेब तीन कारकुनांसह पाळणाघरात आले. ठमीची आई ठमीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. चष्म्याचं घर उघडलं गेलं. पेनड्राइव्ह लागला. पडद्यावर एक ओळ आली: सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "गेला," ते म्हणाले.

"साहेब, पण नुसती सिस्टीमच जुनी—"

"बाई, इमेज तपासलेली आहे. चौसष्टच्या चौसष्ट. पेनड्राइव्ह तपासलेला आहे. मग राहिलं कोण?" त्यांनी संगणकाच्या डोक्यावर मायेने हात ठेवला. "याची ग्रहणशक्तीच संपली."

"बाराही संगणकांची एकाच दुखण्याने?" मावशींनी विचारलं.

"साथ आहे," साहेब म्हणाले.

बारावा दाखला तिथेच भरला गेला. त्या छापील दाखल्याच्या मागच्या बाजूला 'निकामी वस्तू ठेवण्यासाठी जागा' असा एक रकाना असतो. साहेबांनी खोलीवर नजर फिरवली. पाळणाघर नऊ दिवस बंद होतं, म्हणजे वापरात नव्हतं. वापरात नसलेली खोली रिकामी समजावी, असा नियम. आणि बेसिनजवळच्या अकरांच्या अंगावर गेलं वर्षभर पाणी उडत होतं. त्यांनी रकान्यात लिहिलं: प्रस्तुत खोली, सोमवारपासून.

ठमीच्या आईने मनातल्या मनात हिशेब केला. नवरा पाळीच्या नोकरीत. सासूबाई दुसऱ्या गावी, गुडघे धरून. रजा संपलेल्या. सोमवारी खोली गेली, की मंगळवारी तिची नोकरी गेली. ठमीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि साहेबांकडे बघून एक जांभई दिली. त्या खोलीत त्या दिवशी व्यक्त झालेलं ते सर्वांत नेमकं मत होतं.

संध्याकाळी कुकर लावता लावता तिने नणंदेला फोन केला. नणंदेचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं.

"वहिनी, एक सांग, इमेज नुसती कॉपी केली त्यांनी?"

"हो. चांगली तपासून केली, पाच दिवस."

पलीकडे इतका वेळ हसू चाललं होतं, की इकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

"अगं, तू आवक-जावकला ना? पाकीट न फोडताच फाइलीला लावलंस, तर आतलं पत्र कोणी वाचेल का? इमेज म्हणजे बंद पाकीट. ते उघडून आतलं सगळं पेनड्राइव्हवर नीट मांडावं लागतं. त्याला छोटासा प्रोग्रॅम असतो, तोही फुकट. मग संगणकाला सांगायचं, बाबा, आधी पेनड्राइव्हकडे बघ. बस्स."

"आणि ते बारा संगणक?"

"त्यांना काय धाड भरलीये!"

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मावशी पाळणाघराच्या दारात पाय पसरून बसल्या. आत ठमीच्या आईने घरून तयार करून आणलेला पेनड्राइव्ह लावला. आधी जुनी हजेरी दुसरीकडे काढून ठेवली, मग नवी सिस्टीम बसवायला घेतली. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. ठमी मांडीवर झोपली होती. तिचं डोकं दंडाला लागलं होतं तिथे घाम आला होता, पण ठमीच्या आईने हात हलवला नाही. पट्टी भरायला सत्तावीस मिनिटं लागली. संगणक सुरू झाला. तिने हजेरी उघडली आणि पहिलं नाव ठमीचं लावलं. दोन आठवड्यांनंतर ठमी हजर झाली, झोपेत.

आता फक्त साहेबांना सांगायचं राहिलं होतं.

साहेब आले. त्यांनी चालू संगणकाकडे पाहिलं, मग मार्गिकेतल्या अकरांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. हा जर निकामी नव्हता, तर ते अकराही नव्हते. म्हणजे बारा दाखले, बारा सह्या आणि शंभर टक्के! त्यांच्या टेबलाच्या खणात ठमीच्या आईचा वार्षिक गोपनीय अहवाल अर्धा भरून पडला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे कसं झालं?"

खरं उत्तर एका वाक्याचं होतं. ते तिच्या जिभेवर आलंही होतं. पण समोरचा माणूस वयाने मोठा, हुद्द्याने मोठा, आणि त्या क्षणी रडवेला झालेला. शिवाय खोली वाचल्याशी मतलब. कोणाचं नाक कापून काय मिळणार? असा पोक्त विचार तिने केला.

"नऊ दिवस बंद होता ना, साहेब," ती म्हणाली. "विश्रांती मिळाली असेल."

साहेबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "विश्रांती," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "विश्रांती!" आणि तरातरा निघून गेले.

मावशींनी कपाळाला हात लावला. "असं का गं म्हणालीस?"

"जाऊ दे हो, मावशी. आपली खोली राहिली ना."

सोमवारी सकाळी परिपत्रक आलं. आवक-जावक टेबलावरूनच गेलं असल्याने ते सर्वांत आधी ठमीच्या आईनेच वाचलं. भाषा प्रसन्न होती. निकामी ठरलेले संगणक दीर्घ विश्रांतीने बरे होतात, असं विभागाच्या निदर्शनास आलं आहे. सबब त्यांना यापुढे मार्गिकेत न ठेवता योग्य विश्रांतिगृहात ठेवावं. विश्रांतिगृहास पुढील गोष्टी आवश्यक: शांतता, जाड पडदे, मऊ गाद्या, स्वतंत्र पांघरुणं, आणि देखरेखीस एक अनुभवी व्यक्ती. अशी सर्व सोय असलेली एकच खोली आवारात उपलब्ध आहे. विश्रांतीचा काळ किमान दोन वर्षं. त्या काळात कोणीही कोणताही पेनड्राइव्ह लावून त्यांची झोपमोड करू नये. बरा झालेला बारावा संगणक पुन्हा थकू नये, म्हणून त्यालाही तूर्त बंद करून निजवण्यात यावं.

मुलांची सोय बेसिनजवळ, अकरांच्या मोकळ्या झालेल्या जागी करता येईल का, असं तिने विचारून पाहिलं. येत नव्हती. मार्गिकेत मालमत्ता ठेवायला परवानगी आहे. मुलं मालमत्तेत मोडत नाहीत.

मावशींचं पद खोलीला जोडलेलं होतं, म्हणून त्या खोलीतच राहिल्या. दिवसातून दोनदा त्या बारा संगणकांची पांघरुणं नीट करतात. ठमीचं पांघरूण पिवळं, बदकांचं. ते सातव्याच्या वाट्याला आलं. दारावर पाटी आहे: 'हळू बोला. संगणक झोपले आहेत.'

मंगळवारी ठमीच्या आईने एक पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, पाकिटावर स्वतःच्याच हाताने आवकचा शिक्का मारला आणि आत पाठवलं. ठमी टेबलाखालून बघत होती. ते पत्र तिने खाल्लं नाही. साहेबांनी राजीनामा खेदपूर्वक मंजूर केला आणि गोपनीय अहवालाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं: निरीक्षणशक्ती उत्तम.

वाचकहो, तुम्ही खुशाल हसा. कार्यालयं अशीच असतात. हसून झालं, की मात्र आपल्या घरातल्या त्या कोपऱ्यात जाऊन या, जिथे चादर पांघरून तो ठेवला आहे: संगणक असेल, शिलाई मशीन असेल, आणखी काही असेल. 'हा गेला' असं कोणीतरी कपाळावर चष्मा चढवून तुम्हाला सांगितलं होतं. तुम्हाला तेव्हाच शंका आली होती. पण माणूस मोठा, कशाला दुखवा, म्हणून तुम्ही 'असेल' म्हणालात आणि जागा करून दिलीत. त्या जागेत चौदा महिन्यांची किती मुलं मावली असती, तेवढं मोजा. घाई नाही. (शिंक आली, तर पहिल्यापासून.)