हौश्याचं लंघन

खुशालरावांनी घरासाठी आयुष्यात एकच नियम केला, आणि तोही पोटभर जेवून ढेकर दिल्यावर. तिथंच सगळं चुकलं.

त्याचं असं झालं. तिकडे साता समुद्रांपलीकडे अमेरिकेत कसली तरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. लढाई कोणाची कोणाशी, हे बाळापूरजवळच्या त्या गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. खुशालराव मात्र रोज देवापुढे हात जोडून दोन्ही बाजूंना उदंड आयुष्य मागत. घरात पैसा खुळखुळू लागला, बसायला दमणी, म्हणजे छपराची हलकी बैलगाडी आली, आणि त्या दमणीत बसून त्यांची आठ वर्षांची शकुन हौश्या बैलाला पराणी टोचू लागली. "चाल! चाल रे मुर्दाडा!" हे शब्द ती कोणाकडून शिकली, ते सांगायची गरज नाही. (दुर्गाबाईंनी, म्हणजे खुशालरावांच्या बायकोनं, ते तरीही चारचौघांत सांगितलं.)

खुशालराव चपापले. पोरीला मुक्या जिवाची दया शिकवलीच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि भरल्या पोटी ताटावरून उठून हात धुता धुता गरजले, "आजपासून या घरात आधी बैलाचं पोट, मंग आपलं! बैलाच्या तोंडी घास नाही तोवर कोनी ताटाले हात लावाचा नाही!"

शकुननं तो शब्द असा उचलून धरला की बापालाच नवल वाटावं. पराणी तिनं चुलीत घातली. पहाटे उठून ती हौश्याला वैरण टाकी, पाणी दाखवी, जोखडानं खांद्यावर उठलेल्या वळाला लोणी चोळी. खुशालराव गावभर सांगत सुटले, "संस्कार लागते, संस्कार!"

मग पोळा आला. आदल्या संध्याकाळी शकुननं हौश्याच्या खांद्याला तूप-हळद लावून रिवाजाप्रमाणं आमंत्रण दिलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." पण खुशालरावांचं लक्ष पोळ्याच्या तोरणाकडं. शेजारच्या शेषरावांचा बैल तोरणाखाली हौश्यापेक्षा गुबगुबीत दिसतो, हे त्यांचं जुनं दुखणं होतं. यंदा अमरावतीहून शिंगांसाठी चांदीच्या शेंब्या आणल्या होत्या. पण शिंगं चकाकली म्हणून पोट थोडंच गोल होतं? तेव्हा सकाळी बायका रांगोळीत गुंतलेल्या पाहून त्यांनी गुपचूप टोपलंभर भिजवलेली सरकी हौश्यापुढं ठेवली. हौश्यानं नावाला जागून टोपलं चाटून पुसून ठेवलं.

दुपारी घरभर पुरणाचा वास सुटला. नैवेद्याआधी तोंडात काही घालायचं नाही म्हणून खुशालराव सकाळपासून उपाशी होते. पंगत बसली. (शेषरावही होते. त्यांना मुद्दाम शेंब्या दाखवायला बोलावलं होतं.) शकुन तुपात भिजलेली पोळी घेऊन गोठ्यात गेली आणि तशीच परत आली.

"बा, हौश्या तोंड लावून नाही राहिला."

"लावंल थोड्या वेळानं. वाढा वो!"

"बा!" शकुननं डोळे वटारले. "तोवर ताटाले हात लावाचा नाही!"

खुशालरावांचा हात पोळीवर अधांतरी थांबला. "पोरीले संस्कार चांगले हायेत," शेषराव गंभीरपणे म्हणाले. आता भुकेनं खुशालरावांची अक्कल कामातून गेली.

"अवो, त्यानं सकाळीच खाल्लं हाय! चांगली टोपलंभर सरकी! मीच घातली! झाला ना नियम?"

दुर्गाबाई पदर खोचून गोठ्यात गेल्या आणि त्यांनी हौश्याच्या डाव्या कुशीवर थाप मारली. ढोलासारखा आवाज आला.

"पोट फुगलं जनावराचं! टोपलंभर? काहून हो, तुमाले काही समजते का नाही?"

असा फुगलेला बैल बघता बघता आडवा होतो, हे खुशालरावांना माहीत होतं. तोरण, शेंब्या, शेषराव सगळं विसरून त्यांनी हौश्याच्या गळ्याला मिठी मारली. "हौश्या, लेका, असं नको करू!" म्हणताना त्यांना खरोखरच रडू आलं.

"रडता कायले? फिरवा त्याले, बसू देऊ नका," तेलात हिंग कालवून पाजत दुर्गाबाई म्हणाल्या. "आन् आज त्याले लंघन. काडी बी द्याची नाही."

"आन् मले?" खुशालरावांनी डोळे पुसत विचारलं.

"लेकरं-पाव्हने जेवतीन. ज्यानं फुगवला त्यानं नियम पाळाचा."

"पन ते सकाळची सरकी?"

शकुननं विचार केला. न्याय म्हणजे न्याय. "त्याच्यावर तुमाले सकाळची न्याहारी खाता येत होती, बा. पन सकाळ त गेली."

तोरणाखालून शेषरावांचा बैल वाजतगाजत गेला तेव्हा खुशालराव हौश्याची दोरी धरून गावामागच्या पांदणीतून फेऱ्या मारत होते. प्रत्येक घरामागून पुरणाचा वास येई. शकुन मधूनमधून येऊन हौश्याच्या कुशीवर हात ठेवी, "आता बरं वाटून राहिलं ना रे?" असं विचारी आणि जाई. हे ती बैलालाच विचारी.

दिवेलागणीला हौश्याची कूस उतरली. तो गोठ्यात निवांत बसला आणि हळूच त्याचा जबडा हलू लागला.

"खाऊन राहिला!" खुशालराव ओरडतच घरात धावले. "वाढा! वाढा! हौश्या खाऊन राहिला!"

हनुवटीवर तुपाचा ओघळ घेऊन शकुन गोठ्यात आली. तिनं वाकून हौश्याचं तोंड नीट निरखलं.

"नाही, बा. रवंथ करून राहिला तो. सकाळचंच हाय ते."

खुशालरावांजवळ तर सकाळचंही नव्हतं.