शंभर टक्के मूळ

जी वस्तू अजून कामाला येते तिला जुनी म्हणता येत नाही. तिला नुसती म्हातारी म्हणतात. जुनी ही पदवी आहे आणि ती मिळवायची तर आधी काम सोडावं लागतं. आमच्या ‘प्राचीन मालमोटार गणना व जतन मंडळा’चा सगळा डोलारा याच तत्त्वावर उभा आहे. (मालमोटार म्हणजे ट्रक. पण नावात ट्रक ठेवला की लोक सामान हलवायचं विचारायला येतात, असा अनुभव आल्यामुळे पहिल्याच वर्षी नाव बदललं.)

मंडळाचे त्रेचाळीस सभासद आहेत. त्यातल्या एकेचाळीस जणांनी जन्मात ट्रक चालवलेला नाही, त्यामुळे त्यांची दृष्टी निर्मळ आहे. बेचाळिसावे गृहस्थ एकदा ट्रकखाली येता येता वाचले आणि तेव्हापासून त्यांना या विषयाची गोडी लागली. त्यांना आम्ही तहहयात सभासद करून घेतलं. त्रेचाळिसावा मी, चिटणीस. मी ट्रक एकदाच चालवला आहे, तोही उतारावर, आणि त्याबद्दल मंडळाने मला माफ केलं आहे.

गेल्या सहा वर्षांत आम्ही पन्नास वर्षांवरचे दोनशे बारा ट्रक नोंदवले. एकशे चाळीस झाडाखाली उभे होते. एकतीस झाडाच्या आत होते, म्हणजे झाडच बॉनेटमधून वर गेलं होतं. (अशा वेळी जतन नक्की कशाचं करायचं, हे ठरवायला उपसमिती नेमली आहे.) बावीस कोंबड्यांच्या ताब्यात होते. अठरांच्या बाबतीत मालक ‘इथेच होता’ एवढंच सांगू शकले, पण इतक्या खात्रीने, की नोंद करणं भाग पडलं. उरला एक. तो ‘चालू स्थितीत’ या रकान्यात गेला. हा रकाना आम्ही तक्ता भरगच्च दिसावा म्हणून ठेवला होता. तो भरायची वेळ येईल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

हा एक सापडला तो आमच्या अध्यक्षांना. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत. घराच्या कुंपणासाठी त्यांनी विटा मागवल्या होत्या आणि ट्रकच्या आवाजाने दुपारची झोप मोडते म्हणून भट्टीवाल्याकडे दोनदा तक्रारही केली होती. तिसऱ्या खेपेला ते चालकाला झापायला म्हणून फाटकाशी आले, समोरचं नाक त्यांनी नीट पाहिलं आणि झापायचं विसरले. सत्तावन्न वर्षांपूर्वीचं मॉडेल! आमच्या हिशेबाने जगात शिल्लक नसलेलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहा जण चालकाच्या घरी गेलो. चालकाचं वय एकसष्ट. ट्रकच्या गतीमुळे भट्टीवर त्याला सगळे हळूभाऊ म्हणतात, आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. ट्रक दाराशीच उभा होता. त्याच्या कठड्यावर धुतलेल्या चादरी वाळत होत्या आणि हळूभाऊचे पाय गाडीखालून बाहेर आलेले होते.

“किती वर्षं चालवताय?” अध्यक्षांनी पायांना विचारलं.

“आधी बाबा चालवायचे. मग मी. मधे दोन वर्षं तोच मला चालवत होता.”

अध्यक्षांनी खिशातून दांड्याचा छोटा आरसा काढला आणि तपासणीला लागले. ते बॉनेटला “आ करा” म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. इंजिन दुसऱ्याच ट्रकचं निघालं. कॅबिन तिसऱ्याची, तीही आठ ठिकाणी ठिगळलेली. तळाच्या फळ्या घरातल्या पलंगाच्या होत्या. बॉनेटची कडी एका पेटीची होती. मागचं बघायचा आरसा कोरीव चौकटीतला होता, तो कुठून आला हे विचारल्यावर हळूभाऊची बायको बाहेर आली.

“माझ्या लग्नातला आहे,” वहिनी म्हणाल्या. “मागचं बघायला यांनी नेला. पुढचं मी बघते.”

“यात मूळचं काय काय आहे?” अध्यक्षांचा आवाज आता खोल गेला होता.

हळूभाऊ बाहेर आला, हात पुसले, विचार केला. “क्लीनरच्या बाजूचा डावा दरवाजा. आणि दुसऱ्या गिअरची खोड.”

“गिअरबॉक्स मूळचा आहे?”

“छे, चौथा आहे. खोड तीच आहे.”

(नोंदवहीत आम्ही ‘खोड : मूळ’ असं लिहून घेतलं. जित्याची खोड असल्यामुळे ती वेगळी काढून जतन करता येईना.)

एकूण मूळपणा चार टक्के भरला. ही परिस्थिती गंभीर होती. एक दुर्मीळ ट्रक सत्तावन्न वर्षं रोज उठून कामाला जात होता आणि दर खेपेला थोडाथोडा स्वतःतून वजा होत होता. त्याला तातडीने वाचवणं आवश्यक होतं. अध्यक्षांनी पिशवीतून कारखान्याच्या जुन्या माहितीपत्रकाचं पान काढलं. त्यावर तोच ट्रक होता, नवाकोरा, हिरवागार, काचा लखलखीत.

हळूभाऊने ते पान दोन्ही हातांनी धरलं.

“असाच होता,” मग तो म्हणाला. “बाबा घेऊन आले तेव्हा मी चार वर्षांचा. त्यांनी मला चाकाशेजारी उभं केलं. चाकच मोठं होतं.” त्याने पान उजेडाकडे फिरवलं. “परत असा होईल?”

“मूळ रूपात आणणं हेच मंडळाचं ध्येय आहे,” मी म्हणालो. (यात एक अक्षर खोटं नव्हतं.)

“आणि विटा कुणी न्यायच्या?” वहिनींनी विचारलं.

“पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“पंधरा दिवसांनी नक्की देणार ना?”

“जतन ही निरंतर प्रक्रिया आहे, वहिनी.”

“म्हणजे देत नाही,” वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. पण त्याचं लक्ष पानाकडे होतं. त्याने ताबापत्राच्या तीन प्रतींवर सह्या केल्या आणि ट्रक स्वतः चालवत आमच्या शेडमध्ये आणून लावला. किल्ली देताना म्हणाला, “थंडीत लवकर सुरू होत नाही, चिडू नका त्याच्यावर.”

मंडळात याआधी इतका उत्साह मी पाहिला नव्हता. जे मूळ नाही ते काढायचं, अशी सरळ पद्धत होती. बॉनेट आणि मडगार्ड गेले, मूळपणा नऊ टक्क्यांवर आला. इंजिन उतरवलं, एकवीस. फळ्या, कठडा, आसन, आरसा निघाल्यावर आपण इतके दिवस कशाला थांबलो होतो असं सगळ्यांना वाटू लागलं. सांगाड्यावर मात्र दोन तास वाद झाला. तो कारखान्याचाच होता, पण त्याला तीन जागी जोड दिलेला होता. शेवटी अध्यक्षांनी ‘टोपण बसवलेला दात आम्ही मूळ धरत नाही’ असा निर्वाळा दिला आणि सांगाडाही गेला. चौदाव्या दिवशी कॅबिन काढली. लोकांचा गैरसमज आहे की आम्ही कॅबिनचा दरवाजा काढला. तसं काही नाही. आम्ही दरवाजाची कॅबिन काढली.

मूळपणा : शंभर टक्के. जतनाच्या इतिहासात असा आकडा कुणी गाठलेला नाही. टाळ्या थांबेनात. तहहयात सभासदांचे डोळे भरून आले.

पंधराव्या दिवशी हळूभाऊ आला. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. शेडमध्ये त्याने इकडेतिकडे पाहिलं.

“ट्रक कुठाय?”

आम्ही त्याला मखमली दोरीपाशी नेलं. मध्ये चौथरा, चौथऱ्यावर दरवाजा, खाली पितळी पाटी. हळूभाऊ दोरीखालून आत गेला. (हात लावू नये असं लिहिलं होतं, पण त्या क्षणी त्याला आठवण करून देणं कुणाला जमलं नाही.) त्याने दरवाजा उघडला. पलीकडे शेडची भिंत होती. तिच्याकडे थोडा वेळ पाहून त्याने तो पुन्हा लावला.

“जरा उचलून लावावा लागतो,” तो म्हणाला.

ही माहिती तांत्रिकदृष्ट्या मोलाची असल्यामुळे मी लगेच टिपून घेतली. मान वर केली तेव्हा हळूभाऊ चौथऱ्याच्या पायरीवर बसला होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्यांसाठी आमच्याकडे छापील उत्तर आहे.

“बाकीचं?” त्याने विचारलं.

“बाकीचं अमूळ आहे. भंगारात द्यायचंय.”

“मी नेऊ?”

मंडळाने उदार मनाने एकमताने ठराव केला. अट एकच : ‘सदर सुट्या भागांचा, अथवा त्यांपासून बनणाऱ्या कोणत्याही वाहनाचा, जतन केलेल्या मालमोटारीशी संबंध नाही, तसेच त्या वाहनावरील कोणताही भाग मूळ समजला जाणार नाही.’ त्याने पुन्हा तीन प्रतींवर सह्या केल्या. एक प्रत वहिनींनी मागून घेतली आणि घडी घालून पदराला बांधली.

एकोणीस दिवस भट्टीवरचा वेल्डर, हळूभाऊ आणि वहिनी असे तिघे दाराशी ठोकाठोकी करत होते. विसाव्या दिवशी विटा निघाल्या. डाव्या बाजूला दरवाजाऐवजी ताडपत्री होती, एवढाच फरक. आम्ही नोंदवही अद्ययावत केली. चालू स्थितीत : शून्य. तक्ता आता फार सुबक दिसू लागला.

पुढे प्रदर्शन ठरलं. दरवाजा चौथऱ्यासकट गावाबाहेरच्या सभागृहात न्यायचा होता, आणि त्रेचाळीस मालमोटारप्रेमींमध्ये एकाकडेही ट्रक नव्हता. ठरलेला टेम्पो ऐनवेळी आला नाही. भट्टीवाल्याला फोन केला, त्याने हळूभाऊला पाठवलं. हळूभाऊने मनात काही ठेवलं नव्हतं. निदान चेहऱ्यावर तरी ठेवलं नव्हतं. दरवाजा मागे चढवला, मी त्याच्याजवळ बसलो, अध्यक्ष पुढे बसले. पहिल्याच वळणावर ताडपत्री फडाडली आणि अध्यक्षांनी हळूभाऊला मिठी मारली.

“साहेब, दरवाजा मागे आहेच,” हळूभाऊ म्हणाला. “पोचेपर्यंत लावू का?”

“लावा! लावा!”

तीन मिनिटांत लागला.

सभागृहापाशी अध्यक्ष उतरले तेव्हा उद्घाटक येऊन थांबले होते आणि त्यांची मोटार ट्रकमागे अडकली होती. आम्ही चौथरा उतरवून आत ढकलला, त्यावर रेशमी कापड टाकलं. हळूभाऊ खिडकीतून दोनदा म्हणाला, “साहेब, दरवाजा?” अध्यक्षांनी भाषणाचा कागद शोधत हात झटकला. “ते नंतर बघू! आधी गाडी काढा, वाट अडलीय!”

सांगितल्याप्रमाणे त्याने गाडी काढली.

फीत कापली गेली. कापड ओढलं गेलं. चौथऱ्यावर पाटी होती आणि पाटीच्या वर सभागृहाची मागची भिंत. उद्घाटक अनुभवी होते. ते मागे सरले, मान तिरकी केली आणि म्हणाले, “अप्रतिम.” टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसऱ्या दिवशी दरवाजा परत आणायला मंडळाने मला पाठवलं. ट्रक निघायच्या बेतात होता. डाव्या बाजूला वहिनी बसल्या होत्या, कोपर दरवाजावर टेकवून.

“न्या की,” त्या म्हणाल्या. “मी उतरते. फक्त हा मूळचा आहे असं लिहून द्या. तुमच्या कागदात म्हटलंय, या गाडीवर मूळचं काही नाही.” त्यांनी पदराची गाठ सोडायला सुरुवात केली.

हळूभाऊ समोर रस्त्याकडे बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते. मी मागे फिरलो. तातडीच्या सभेत मंडळाने स्वतःचाच ठराव तीनदा वाचला आणि तो निर्दोष असल्याचं पाहून स्वतःचं अभिनंदन केलं. प्रदर्शन तसंच चालू ठेवलं.

एक हजार एकशे चाळीस लोक येऊन गेले. चौथऱ्यावर काही नाही, अशी तक्रार एकानेही केली नाही. अभिप्रायवही भरून वाहते आहे. वाचक, आपणही सहकुटुंब आला होतात. संकोचू नका, पान सतरावर आपलीच सही आहे. आपण लिहिलंय : ‘किती जिवापाड जपलंय! पूर्वी लोक वस्तूवर माया करत. असे ट्रक आता बघायलाही मिळत नाहीत.’ आणि खाली, जरा घाईत : ‘यायला उशीर झाला, क्षमस्व. विटांच्या एका खटाऱ्यामागे वीस मिनिटं अडकलो होतो. हॉर्न देऊन देऊन हात दुखला. असल्या गाड्यांवर बंदी आणण्यासाठी मंडळाने काही करावं.’

आपली सूचना मंडळाने एकमताने स्वीकारली आहे.