मास्तरांचं सुरक्षित अंतर

"सायकलवाला दिसला की काय करायचं?" ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर विचारत.

"हॉर्न!"

"तरी सरकला नाही तर?"

"आणखी हॉर्न!"

मास्तरांच्या मते रस्ता गाडीवाल्यांचा होता आणि सायकलवाले तिथे फुकटचे पाहुणे. पण डॉक्टरांनी त्यांच्या पोटाकडे एक नजर टाकली आणि सायकल लिहून दिली. मास्तर कुरकुरत सायकलवर बसले आणि स्कूलची गाडी बायकोकडे सोपवली. तीही शिकवायचीच.

चौथ्या दिवशी मागून असा काही हॉर्न आला, की मास्तर सायकलसकट गटारात गेले. डोकं वर काढून पाहतात तर गाडी त्यांचीच! स्टिअरिंगवर गाडी शिकणारी एक दातांची डॉक्टरीण, शेजारी बायको.

"अगं, मारतेस का मला?"

"तुमचाच धडा चाललाय," बायको म्हणाली. "दुसऱ्या हॉर्नपर्यंत पोचायच्या आधीच तुम्ही सरकलात."

कोपर सोलवटलं, पँट फाटली आणि मास्तरांचे डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः डॉक्टरणीशेजारी बसले. "आता नवीन पद्धत. सायकलपासून दीड मीटर लांब. जागा नसेल तर मुकाट्यानं मागे राहायचं. हॉर्न बंद!"

अरुंद रस्त्यावर पुढे एक कुरिअरवाली बाई सायकलवर होती. गाडी अदबीनं मागे राहिली. बाईनं वळून पाहिलं. तिनं वेग वाढवला, तसा गाडीनंही थोडा वाढवला. ती बाजूला थांबली.

"आता जाऊ?" डॉक्टरणीनं विचारलं.

"थांबा. वळायचं असेल त्यांना. घाई कशाला?" मास्तरांनी काचेतून प्रेमळ हसून "आधी तुम्ही" असा हात केला.

ते हसू पाहून बाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं जीव खाऊन पेडल मारलं ते थेट पोलीस चौकीपर्यंत, आणि सायकल गाडीच्या पुढ्यात आडवी घातली. "हवालदारसाहेब, ही दोघं पंधरा मिनिटं माझ्या मागावर आहेत!"

हवालदार खिडकीशी वाकला. "हॉर्न का नाही मारला?"

"त्या दचकल्या असत्या," मास्तर म्हणाले.

"बाजूनं का नाही काढली गाडी?"

"त्यांना लागलं असतं ना."

हवालदारानं बाईकडे पाहून मान डोलावली. "तुमचा संशय बरोबर आहे, ताई. या रस्त्यावर इतकं सभ्य कुणी वागत नाही." मग मास्तरांकडे वळून म्हणाला, "खरं सांगा, काय बेत होता?"

घाम पुसत मास्तरांनी ड्रायव्हिंग स्कूलचं कार्ड पुढे केलं. हवालदारानं ते दोनदा वाचलं.

"म्हणजे तुम्ही लोकांना हे शिकवता?" त्यानं गाडीचं दार उघडलं. "मग चौकीत या. आणखी किती जणांना बिघडवलंत, त्यांची यादी द्या."