कौलांचं भाडं आणि लांबलेले रूळ

“लिहा,” भाऊजी म्हणाले, “‘ज्यांच्या नजरेखालून मुंगीसुद्धा नाव-गाव सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही, असे या भागातले एकमेव गुप्तहेर.’ आणि ‘गुप्तहेर’ ठळक अक्षरांत. रस्त्यावरून दिसलं पाहिजे.”

“मग गुप्त काय राहिलं?” मेहुण्याने विचारलं.

“शालकराव, विचार करणं हे माझं खातं. तुम्ही लेखणी धरा.”

मेहुण्याने ती धरली. या घरात त्याने बहीण दिली होती. त्यामानाने लेखणी धरणं म्हणजे स्वस्तात सुटणंच.

पाटीचा मजकूर अर्धाच झाला होता, तेवढ्यात कौलभट्टीच्या मालकीणबाई आत आल्या. बसल्याही नाहीत.

“माझी भट्टी विझायची वेळ आलीय,” त्या म्हणाल्या. “आमच्या स्टेशनावरून बंदरापर्यंत एक वॅगन कौलं न्यायला रेल्वे जे भाडं घेते, त्याहून कितीतरी कमी भाड्यात पलीकडच्या भागातला कौलवाला माल पाठवतो. आणि तो आमच्यापेक्षा लांब राहतो! बंदरावरचे व्यापारी म्हणतात, आजची वॅगन त्याच्या भावात द्या, नाहीतर यापुढे सगळी कौलं त्याच्याकडून. बारा घरं जेवतात हो त्या भट्टीवर.”

रेल्वेला पलीकडचा भाग लाडका आणि आपला सावत्र, हे तिथल्या प्रत्येकाचं ठाम मत होतं. अर्ज झाले, सभा झाल्या. गुप्तहेर तेवढा नेमायचा राहिला होता.

मालधक्क्यावर पोचताच भाऊजी भिंग घेऊन रुळांवर पालथे पडले. उठले ते पोटाला वंगण लावून.

“सापडलं! इथे एक झाड नाही. उन्हाने लोखंड वाढतं. बाई, तुमचे रूळ लांबलेत, म्हणून भाडं जास्त. पलीकडच्यांचे सावलीत असणार.”

“मग काय झाडं लावू? वॅगन दुपारी सुटतेय!”

दुसरा संशय वजनकाट्यावर. भाऊजी स्वतःच त्यावर चढले, आकडा पाहून लालबुंद झाले आणि गरजले, “काटा खोटा आहे!” बहिणीच्या हातचं जेवण ठाऊक असल्यामुळे मेहुण्याचं मत काट्याच्या बाजूने पडलं.

तिसरा संशय असा की, मालबाबू म्हणजे वेष पालटलेला पलीकडचा हस्तक. भाऊजींनी सरळ त्याची मिशी ओढली. मिशी खरी निघाली. त्यानंतरच्या शिव्याही अस्सल होत्या.

मेहुण्याने माफी मागितली. त्यात त्याचा हात चांगला बसला होता. बाई मात्र पायरीवर बसून घड्याळाकडे बघत राहिल्या.

पेंढ्यात बांधलेला कौलांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन एक म्हातारा हमाल चालला होता. तो थांबला. “बाबूंना विचारलंत का, भाडं कशावरून लावतात?”

“संशयिताला सरळ विचारायचं?” भाऊजी दुखावले. “मग त्याला तपास कोण म्हणेल?”

मेहुण्याने विचारलं. मालबाबूने एका हाताने मिशी चोळत दुसऱ्याने दरांचं पुस्तक उघडलं.

“कौलं, सुटी: साधा दर. कौलं, पेंढ्यात बांधलेली: नाजूक माल, दुप्पट दर. पलीकडचा सुटी भरतो.”

बाई पायरीवरून ताडकन उठल्या. “अहो, सासूबाईंनी शिकवलं होतं, तान्ह्या बाळासारखं कौल गुंडाळायचं. वीस वर्षं गुंडाळतेय! तुम्ही बोलला का नाहीत?”

“कुणी विचारलं नाही. सगळे परस्पर वरती अर्ज करतात.”

“पण सुटी भरली तर फुटतील!”

“बांधायचं नाही एवढंच ना?” हमाल म्हणाला आणि त्याने गठ्ठ्याची दोरी कापली. “मग पसरू.”

डब्यात पेंढ्याची गादी झाली. तिच्यावर कौलं उभी राहिली, फटींत मुठीमुठीने पेंढा कोंबला गेला. बाई, हमाल, मेहुणा घामाघूम झाले. भाऊजींनी देखरेख केली.

मालबाबूने डब्यात डोकावून पाहिलं. पुस्तक पुढून मागे चाळलं, मग मागून पुढे. बाईंचा जीव टांगणीला लागला.

“डबा फार घाण केलाय,” तो म्हणाला.

“मग?”

“घाणीला दर नाही,” असं म्हणून त्याने साध्या दराची पावती फाडली.

बाईंनी ती दोनदा वाचली. मग पदराने तोंड पुसून धक्क्यामागच्या आपल्या भट्टीकडे अशी हाक मारली, की मालबाबूने आधी मिशी झाकली.

“लाकडं टाका रे!”