कवळीवरचं शहर

"माझ्या कवळीवर जंतू? अगं, दुर्बीण लावून शोध! एक जरी सापडला तरी नाव बदलीन!"

सासरेबुवांनी गर्जना केली आणि कवळी काढून सूनबाईच्या हातावर ठेवली. उभा जन्म पूल बांधण्यात गेलेला माणूस तो. एकदा बोलला की हलायचा नाही!

ते आले होते फक्त सूनबाईला डबा द्यायला. पण प्रयोगशाळेत ती रडकुंडीला आलेली. जंतू एकेकटे राहत नाहीत, चिकट थर करून एकत्र नांदतात. चमकणारे रंग लावून त्या थराची ठेवण बघायची, हे तिचं काम. दुपारी मोठे तज्ज्ञ बघायला येणार आणि तिनं तळहातावरच्या फोडासारखा जपलेला थर सफाईवाल्या मावशींनी "शी, काय ही घाण!" म्हणत सकाळीच घासून लख्ख केला होता!

"बाबा, असा थर कवळीवरही असतो," एवढंच ती बोलली, आणि वर सांगितलेली गर्जना झाली.

खरवडावं तर ठेवणच मोडणार. म्हणून तिनं अख्खी कवळी काचेच्या बशीत ठेवून वर रंग ओतले. जिवंत जंतू हिरवे दिसणार, मेलेले लाल आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट गिलावा निळा.

तज्ज्ञ आले. मागोमाग सूनबाईच्या वरिष्ठ मॅडम आल्या. दिवे मालवले. पडदा उजळला.

आणि सगळे खुर्चीतून पुढे झुकले!

पडद्यावर हिरवे मनोरे उभे होते. कुठे एकटे, कुठे खांद्याला खांदा लावून. निळ्या गिलाव्यानं ते एकमेकांना बांधलेले, आणि मधून काळेभोर, नागमोडी पाट गेलेले. तळाशी लाल ठिणग्या विझत आलेल्या. सूनबाईनं चित्र हळूहळू फिरवलं, तसं मनोऱ्यांच्या पोटातल्या कमानी दिसू लागल्या. रोज हेच काम करणारी ती, पण तिच्याही अंगावर काटा आला.

"अप्रतिम!" तज्ज्ञ पुटपुटले. "नमुना कुठला?"

"माधा!" कोपऱ्यातून बोळकं ओरडलं. "माधा आहे तो!"

सासरेबुवा पडद्याला नाक लावून उभे होते.

"हे पाट कथाला गं?"

"पाणी आणि अन्न आतपर्यंत पोचायला, बाबा."

"नकाथा कुणी काढला?"

"कुणीच नाही."

"मुकादम?"

"तोही नाही."

सासरेबुवांचे डोळे भरून आले. "आणि आम्ही एकेका पुलाथाठी किती भांडलो गं!"

बराच वेळ कुणी दिवा लावला नाही. शेवटी सासरेबुवांनीच बशीकडे हात नेला. "चल, दे आता. जेवायला घरी जातो."

"बाबा, नको!" सूनबाई किंचाळली. "तो रंग विषारी आहे! ती कवळी... आता तोंडात घालता येणार नाही."

मॅडमनी ताबडतोब त्या चित्राची मोठी प्रत काढून त्यांच्या हातात दिली. दुसरं काय देणार!

घरी सासूबाईंनी दोघांनाही दारातच धरलं. "दात घेऊन गेलात आणि फोटो घेऊन आलात?"

नवी कवळी तयार होईपर्यंत सासरेबुवा सूप पिऊन राहिले, पण तक्रार म्हणून नाही. फोटोला चौकट करून त्यांनी तो बैठकीत लावला. पहिल्याच आठवड्यात शेजारचे दोघं चहाला आले आणि फोटोपुढे थबकले.

"वा! काय शहर आहे हो! विमानातून काढलाय का?"

सासरेबुवांनी अभिमानानं स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं. शेजाऱ्यांना काही कळेना.

"त्यांच्या कवळीवरचा मळ आहे तो," सासूबाई म्हणाल्या. "बिस्किटं घ्या ना!"

बिस्किटं तशीच राहिली.